टेकापोचं ल्युपिन नेरुळच्या वाफ्यात फुलेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूझीलंडला बहिणीकडे गेला होतात तेव्हा टेकापो तलावाच्या काठी ल्युपिनचे निळे-जांभळे-गुलाबी ताटवे बघितलेत आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. नेरुळच्या तुमच्या रो हाउसपुढे १२ बाय ३ फुटांचा वाफा आहे, सकाळचं चार-पाच तास ऊन येतं. गेल्या वर्षी ‘पेरेनिअल ल्युपिन मिक्स’ (पेरेनिअल म्हणजे वर्षानुवर्षं जगणारं) असं पाकीट मागवलंत. २५ बियांतून चार रोपं आली, पानं पिवळी पडली आणि एकही तुरा न दाखवता जूनमध्ये सगळी गेली. तर चुकलं कुठे, आणि एकदा लावून दरवर्षी फुलणारी, फुलदाणीसाठी कापता येणारी ल्युपिन इथे होतील का?

दरवर्षी फुलणारी होणार नाहीत. फुलदाणीपुरती होतील, पण त्यासाठी पाकीट बदलावं लागेल, आणि मार्चमध्ये झाड उपटताना जीव थोडा घट्ट करावा लागेल.

मी गेली २२ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या बागा सांभाळतो. पेरेनिअल ल्युपिनचा हट्ट मीही करून बसलोय. खारघरच्या एका सोसायटीत गेटजवळ ४० रोपं लावली होती. वाढली काय सुंदर! तळहात पसरल्यासारखी पानं, आणि सकाळी पाणी मारलं की प्रत्येक पानाच्या मधोमध एकच टपोरा थेंब बसलेला. नुसत्या त्या थेंबासाठी लोक मोबाइल काढून उभे राहायचे. पण जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, तुऱ्याचा पत्ता नाही. सेक्रेटरी रोज फेरी मारताना विचारायचे, “काय हो, ही भाजी काढायची कधी?” मार्चमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. मी हिरवी जाळी बांधून कसाबसा मे काढला. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात वाफा बसला. एक रोप ओढून बघितलं तर वरचा झुबका तेवढा हातात आला. खाली सोटमुळाच्या जागी तपकिरी लगदा, सडक्या बटाट्याचा वास. सोसायटीने पुढच्या वर्षी तिथे क्रोटॉन लावून घेतले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.

याचं कारण झाडाच्या माहेरात आहे. टेकापोला तुम्ही पाहिलीत ती रसेल ल्युपिन. त्यांचा मूळ पूर्वज उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला, थंड आणि ओलसर जागी वाढणारा. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉर्ज रसेल नावाच्या माळ्याने १९११ पासून स्वतःच्या छोट्या तुकड्यावर ती वाढवली. परागीकरण मधमाश्यांवर सोडलं आणि मनासारखं नसेल ते रोप निर्दयपणे उपटून टाकलं. १९३७ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. टेकापोलाही ती मूळची नव्हेत, माणसानेच नेलेली. आता तिथल्या नदीपात्रांत इतकी माजली आहेत की त्यांना तण म्हणून काढावं लागतं. हे ऐकून आपल्यासारख्याला हसावं की रडावं कळत नाही.

बहुतेक रसेल रोपांना तुरा धरायला थंडीचे काही आठवडे लागतात, आणि ती थंडी म्हणजे कपाटातून स्वेटर काढायला लावणारी आपली गोड थंडी नव्हे. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान १६-१७ अंशांवर येतं आणि दुपारी पुन्हा ३० च्या पुढे जातं. झाडाला वाटतं हिवाळा अजून यायचाय, म्हणून ते पानंच काढत बसतं. त्यातून वाचलं तर मेमधल्या गरम रात्री, आणि त्यातून वाचलं तर २५०० मिलिमीटरच्या आसपासचा आपला पाऊस. सोटमूळ पाण्यात उभं राहिलं की कुजलंच. पाकिटावरचा ‘पेरेनिअल’ शब्द खोटा नाही, फक्त तो सिमल्यासारख्या ठिकाणी खरा आहे. तिथेसुद्धा झाड चार-पाच वर्षांत म्हातारं होतं.

तेव्हा इथे ल्युपिन लावायचं ते शेवंती-पिटुनियासारखं हंगामी म्हणून. पाकिटावर ‘हार्टवेगी’ लिहिलेलं शोधा. हे मेक्सिकोतलं, एका हंगामाचं झाड. थंडीचा हट्ट धरत नाही, अडीच-तीन फूट उंच होतं, तुरे निळे, गुलाबी, पांढरे. रसेलइतके भरगच्च नसतात हे आधीच सांगतो, नाहीतर फुलल्यावर मलाच बोल लावाल. ‘टेक्सेन्सिस’ म्हणजे टेक्ससचं निळं ल्युपिनही कधी मिळतं. ते फूटभरच वाढतं, वाफ्याच्या कडेला छान दिसतं, कापायला उपयोग नाही. आणि बहीण तिकडून बी पाठवते म्हणतेय ते राहू द्या. परदेशातून बी आणायला २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सामानात टाकून आणायची वस्तू नाही ती.

आता तुमची पिवळी पानं. तुम्ही लिहिलंय की पान पिवळं पण शिरा हिरव्या. मला वाटतं रोग नव्हताच तो, तुमच्या वाफ्याखाली बिल्डर आहे. आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांचे आणि रो हाउसचे वाफे डेब्रिजने भरलेले असतात: सिमेंटची ढेकळं, प्लास्टरचा चुरा, टाइल्सचे तुकडे, वर चार बोटं लाल माती आणि त्यावर लॉन. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. जास्वंद, मोगरा कुरकुरत का होईना जगतात. ल्युपिनला मात्र किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) ६ ते ६.८. चुना हा त्याचा वैरी.

घरच्या घरी तपासता येईल. वाफ्यात वीतभर खोल खणून मूठभर माती काढा, कोरडी होऊ द्या. बशीत चमचाभर घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. चुना भरपूर असेल तर इनो टाकल्यासारखी फसफसते, थोडा असेल तर नुसती चिरचिर ऐकू येते. काहीच झालं नाही तर निदान चुन्याची चिंता मिटली. मी नवीन बाग हातात घेतली की पहिल्या दिवशी हेच करतो. मालकांना गंमत वाटते, पण पुढच्या दोन वर्षांचं खत वाचतं. आणि कृपा करून वाफ्यात अंड्याची टरफलं, राख, चुन्याची निवळी टाकू नका. टोमॅटोसाठी सांगितलेला सल्ला लोक सगळ्या झाडांना लावतात.

फसफसलं तर आहे त्या मातीत सुधारणा करत बसू नका, खालून चुना येतच राहतो. वाफ्याचा ४ फूट लांबीचा तुकडा निवडा, कडेने विटा उभ्या करून फूटभर उंच करा आणि नवीन मिश्रण भरा. विटा नुसत्या रचा, सिमेंटने जोडू नका, नाहीतर फिरून तोच खेळ. चार गुणिले तीन गुणिले एक, म्हणजे १२ घनफूट, सुमारे ३४० लिटर माल लागेल. त्यात ढोबळ मानाने चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग जाडी रेती किंवा विटांचा बारीक चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं पानांचं खत. नुसती गोणीतली लाल माती भरलीत तर डिसेंबरपर्यंत तिची वीट होते. कोकोपीटची वीट फुगवल्यावर दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळा, त्यात मीठ असतं. पाण्याचंही तेच. महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी उत्तम, पण सोसायटीत बागेला बोअरचं देत असतील आणि कुंड्यांच्या कडेला पांढरी खपली धरत असेल, तर ल्युपिनला ते पाणी नको. खाडीकाठच्या नोड्समध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, हा त्रास नेहमीचा.

वाफा सोडायचा असेल तर १२ बाय १५ इंची ग्रो बॅग घ्या, एका बॅगेत एकच रोप. उथळ कुंडी नको. सोटमूळ तळाला टेकून वळलं की झाड रुसतं.

बी. २५ मधली चारच उगवली यात बी शिळं होतं असं धरू नका. ल्युपिनच्या बीचं साल इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही, महिनोन्महिने मातीत खड्यासारखं पडून राहतं. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा. त्याच्या दोन तुकड्यांमध्ये बिया धरून हलकेच चोळा, साल थोडं खरवडलं, चमक गेली की पुरे. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी बघाल तर काही बिया फुगून दुप्पट झालेल्या असतील आणि काही तशाच टणक. फुगलेल्या लगेच पेरा, टणक पुन्हा चोळून पुन्हा भिजवा. या एका कामामुळे २५ मधली अठरा-वीस तरी उगवावीत.

पेरणीची वेळ इथे फार महत्त्वाची. सप्टेंबरात घाई कराल तर ऑक्टोबरचं ऊन रोपं भाजून काढेल, आणि डिसेंबरपर्यंत थांबलात तर तुरा यायच्या वेळी मार्च उजाडेल. मी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हे दिवस धरतो. जागेवर पेरणं सगळ्यात चांगलं, कारण या झाडाला उपटून लावलेलं आवडत नाही. पण त्या दिवसांत बाहेर ३४-३५ अंश असतात, म्हणून मी मधला मार्ग काढतो: चहाचे मोठे कागदी ग्लास, बूड कापलेले, ताटलीत उभे करून त्यात हेच मिश्रण. प्रत्येकात एक बी, सेंटिमीटरभर खोल. ताटली घरात खिडकीशी, जिथे उजेड आहे पण दुपारचं ऊन नाही. आठ ते पंधरा दिवसांत उगवतात. उगवल्याबरोबर सकाळच्या उन्हात काढा, नाहीतर लांबुडकी होऊन आडवी पडतात. तीन खरी पानं आली, खालून मूळ डोकावायला लागलं की ग्लाससकट खड्ड्यात ठेवायचं आणि कागद हलकेच फाडून काढायचा. मुळांभोवतीची मातीची हंडी फुटली तर ते रोप पंधरा दिवस मागे गेलं म्हणून समजा. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. तुमच्या ४ बाय ३ च्या तुकड्यात १२ रोपं बसतील. प्रत्येकी तीन-चार दांडे धरले तर हंगामात चाळीसएक, घरच्या फुलदाण्यांना पुष्कळ झाले.

तुमचं सकाळचं ऊन चार-पाच तासच आहे याची काळजी करू नका. थंड देशात सहा-आठ तास सांगतात, पण इथे दुपारी सावली मिळणं हे ल्युपिनचं भाग्यच.

खताबद्दल एक गंमत आहे. ल्युपिन द्विदल, म्हणजे तूर-मुगासारखं मुळांच्या गाठींत नत्र धरणारं. म्हणून सगळे सांगतात की याला खत लागत नाही. पण गाठी करणारे जिवाणू प्रत्येक द्विदलाला तेच चालतात असं नाही. ल्युपिनचा गट वेगळा, आणि आपल्या कुंडीतल्या नव्या मिश्रणात तो असण्याची शक्यता कमी. कृषी केंद्रात मिळणारं तूर-मुगाचं रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) आणून फायदा होत नाही. हंगाम संपल्यावर एक रोप हळूच खणून बघा: मुळांवर गाठी असतील तर एक नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चाललं होतं, पांढरट-हिरवी असेल तर नुसती भाड्याने राहत होती. गाठी नसतील असं धरून मी लावताना मूठभर गांडूळखत आणि पुढे दर तीन आठवड्यांनी पातळ गांडूळपाणी देतो, बस. युरिया दिलात तर पानांचं जंगल होईल आणि खारघरच्या सेक्रेटरींचा प्रश्न तुम्हालाही ऐकावा लागेल.

पाणी सकाळी, बोट मातीत पेराएवढं घालून कोरडं लागलं तरच. रोपं लहान असताना मर लागते, बुंधा जमिनीलगत चिमटल्यासारखा होऊन रोप आडवं. त्यासाठी मिश्रण भरतानाच त्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवा. कोवळ्या तुऱ्यावर मावा हमखास येतो. थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी, संध्याकाळी. फेब्रुवारीत पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर खालची पानं काढा आणि हवा खेळू द्या. तोवर हंगाम संपतच आलेला असतो, औषधांवर पैसे घालू नका.

जानेवारीच्या अखेरीस तुरे दिसू लागतील. पहिला तुरा मधला, सगळ्यात मोठा. तो मोह आवरून वेळेवर कापलात तर बाजूच्या फुटी जोर धरतात. कापायची खूण: तुऱ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातली फुलं उमललेली, मधली रंग दाखवणारी, शेंडा अजून हिरवा. पूर्ण फुलण्याची वाट बघितलीत तर टेबलावर पाकळ्यांचा सडा. सकाळी ऊन चढण्याआधी कापा, दांडा लगेच बादलीत.

ल्युपिनचा दांडा पोकळ असतो, त्यामुळे हवा अडकून पाणी चढत नाही आणि शेंडा मान टाकतो. यावर इंग्लंडमधल्या जुन्या माळ्यांची युक्ती मी वापरतो. दांडा उलटा धरायचा, तुरा खाली. पोकळीत बारीक तोटीच्या झारीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने पाणी भरायचं, काठोकाठ भरलं की कापसाचा बोळा दाबून बसवायचा आणि तसाच सुलटा करून फुलदाणीत ठेवायचा. पहिल्या दांड्याला दोन मिनिटं लागतील आणि अर्धं पाणी कोपरावरून ओघळेल. पाचव्या दांड्याला हात बसतो. मी एकदा एका लग्नाच्या घरी टेबलासाठी २० दांडे असे भरले होते, आणि नवरीची आजी शेजारी बसून कापसाचे बोळे वळून देत होती, वातीसारखे. माझ्यापेक्षा तिचे जास्त नीट बसले.

दांडे आडवे ठेवू नका. दोन-चार तासांत शेंडे वर वळतात आणि मग काही केल्या सरळ होत नाहीत. गाडीतून न्यायचे तरी उभेच. फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ नको. पिकणारी केळी-चिकू इथिलीन वायू सोडतात आणि ल्युपिन त्या वायूला फार हळवं, फुलं पटापट गळतात. धुरातही इथिलीन असतं, म्हणून देवघराच्या उदबत्तीपासूनही लांब. रोज पाणी बदललं तर आपल्या हवेत चार-पाच दिवस टिकतात. दादरच्या फुलबाजारात ल्युपिन सहसा दिसत नाही त्याचं कारण हेच असावं. असलं नाजूक फूल बंचात दाबून, ट्रकमध्ये रात्र काढून येणार कसं?

घरात नातवंडं येतात असं लिहिलंय तुम्ही, म्हणून हे ठळकपणे: फुलं न कापता ठेवलीत तर लवदार शेंगा धरतात, अगदी मटारासारख्या. बिया विषारी असतात, त्यांत कडू अल्कलॉइड्स असतात. युरोपात ल्युपिनच्या काही जाती दिवसेंदिवस पाण्यात भिजवून कडूपणा काढून खातात, पण त्या जाती वेगळ्या. बागेतल्या शेंगा धरूच देऊ नका, तुरा सुकला की खुडा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाड थकलेलं दिसेल. जाळी बांधून वाचवायला जाऊ नका. खणून बघायला एक ठेवलं असेल ते सोडून बाकीची जमिनीलगत कापा आणि मुळं तशीच मातीत राहू द्या. त्या जागी अँजेलोनिया लावा. उभे तुरे, जांभळा-पांढरा रंग, आपल्या उन्हाला अजिबात न घाबरणारं, आणि कापून फुलदाणीत आठवडाभर टिकतं. ल्युपिनची हौस वर्षाचे बाकीचे महिने तेच भागवतं. पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात खुळखुळ्याचं एखादं झाड येऊ द्या. ल्युपिनचंच दूरचं भावंड, तसाच उभा तुरा पण पिवळा, वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळ वाजतात. घोडबंदर रोडला ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे. तिथे एकदा जाऊन या, म्हणजे ब्ल्यू टायगरसारखी फुलपाखरं या झाडावर का तुटून पडतात ते कळेल. त्याच्याही बिया विषारी, तेव्हा नातवंडांना सांगायचं ते दोन्ही झाडांबद्दल सांगा.

आधी व्हिनेगरची परीक्षा तेवढी करा आणि काय झालं ते कळवा. फसफसलं तर बियांचं पाकीट मागवण्याआधी विटा मागवा.